एका अक्षराचं घर

(दृश्य: देवबाग. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माडांची अरुंद पट्टी. कॅमेरा खाली येत एका कौलारू घरावर थांबतो.)

निवेदन:

या पट्टीवर घर असणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच विचारावं. चिऱ्याच्या भिंती आजोबांनी उभ्या केलेल्या, कौलं वडिलांनी शाकारलेली. आणि नातवाला पर्यटकांसाठी दोन खोल्या वाढवायच्या म्हटलं, की पहिला शब्द कानावर पडतो, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सरकारी नियम.

फेब्रुवारी १९९१ मध्ये ही अधिसूचना निघाली. गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम नको. आधीपासून रीतसर असलेलं घर मात्र दुरुस्त करता येईल. पुढे अंतरं बदलली, २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांना सवलतही मिळाली. पण लोकांच्या डोक्यात बसली ती पहिलीच गोष्ट. आहे ते राखा, कारण एकदा गेलं की पुन्हा उभं करताना कोण कुठला कागद मागेल सांगता येत नाही.

ही फिल्म घरांवर नाही, इंटरनेटवरच्या नावांवर आहे, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांवर. पण त्या नावांचा सगळ्यात चमत्कारिक नियम मला समजला तो याच घराच्या पडवीत बसून.

(दृश्य: पडवी. झोपाळा. भिंतीवर कालनिर्णय, जून महिन्याचं पान.)

घर माझ्या आतेभावाचं. मी त्याला दादा म्हणतो. २००४ साली, गावात होमस्टे हा शब्दही नवा होता तेव्हा, दादाने डॉट कॉमचं चार अक्षरी नाव घेतलं. घराण्याच्या नावाची आद्याक्षरं, बस. तेव्हा ते सहज मिळालं. आज इंग्रजी अक्षरांची चार अक्षरी डॉट कॉम नावं मोजायला गेलात, तर होतात ४ लाख ५६ हजार ९७६, आणि सगळी केव्हाच कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेली आहेत. तीन अक्षरी १७ हजार ५७६. दोन अक्षरी अवघी ६७६. सव्वीसाला सव्वीसाने गुणत जायचं, एवढाच हिशोब. जमीन वाढत नाही, तशी ही नावंही वाढत नाहीत.

आणि एक अक्षरी?

(दृश्य: काळ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटतं: ए, बी, सी… आणि विझतं. तीनच उजळलेली राहतात.)

१ डिसेंबर १९९३. इंटरनेटच्या नावा-क्रमांकांची वही तेव्हा जवळपास एका माणसाच्या हाती होती, जॉन पोस्टेल. त्यांनी डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्गमधली उरलेली सगळी एक अक्षरी आणि एक अंकी नावं राखून ठेवली. नावांचा पसारा फार वाढला तर पहिल्या अक्षरावरून त्याची विभागणी करता येईल, अशी त्यामागे कल्पना होती. ती वेळ कधी आली नाही. कुंपण मात्र राहिलं.

त्याआधीच ज्यांनी घर बांधलं होतं, त्यांना कुणी उठवलं नाही. अशी घरं सहा. डॉट कॉममध्ये क्यू, एक्स आणि झेड. डॉट नेटमध्ये आय आणि क्यू. डॉट ऑर्गमध्ये एकटा एक्स. झेड डॉट कॉम मोटारी बनवणाऱ्या निस्सानकडे होतं. २०१४ मध्ये एका जपानी इंटरनेट कंपनीने ते ८० कोटी येनला घेतलं. एक्स डॉट कॉमची कथा सांगायला नको, ट्विटरची पाटी उतरवून तिथे तीच पाटी लागली, २०२३ मध्ये.

आता गंमत बघा. डॉट कॉमची वही आज व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, आणि इंटरनेटवरच्या नावांचे नियम बघणाऱ्या आयकॅन या संस्थेशी तिचा करार आहे. त्या करारात एक अक्षरी नावं राखीव आहेत, पण कशापासून राखीव? पहिल्या नोंदणीपासून. आणि लगेच खुलासा आहे: पहिली नोंदणी म्हणजे नूतनीकरण सोडून बाकीची.

म्हणजे दुरुस्ती चालेल, नवं बांधकाम नाही.

झेड डॉट कॉमवाल्याने दरवर्षी पैसे भरले की नाव त्याचं. विकायचं तर विकावं, घेणारा ते पुढे चालवेल. पण मुदत संपून नाव वहीतून पुसलं गेलं, तर ते रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळत नाही. मालकालाही परत मिळत नाही, कारण आता त्याचा अर्जसुद्धा नव्या नोंदणीचाच ठरतो. आयकॅनने लेखी परवानगी दिली तरच कुंपण उघडतं. ओ डॉट कॉमच्या बाबतीत तसं एकदा झालं: २०१९ मध्ये त्याचा लिलाव करायला संमती मिळाली, तीही पैसा लोकोपयोगी कामाला जाईल या अटीवर.

मी हे सांगितल्यावर दादा झोपाळा थांबवून म्हणाला, "म्हणजे देवबागचोच कायदो की रे!"

(दृश्य: पाऊस. बंद खिडक्या, झापांनी झाकलेली पडवी. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या.)

दादाचं नाव चार अक्षरी, त्याला हे कुंपण लागू नव्हतं. ते गेलं, आणि लगेच चढलंही. दुसऱ्याच्या नावावर.

त्याच्या नोंदणीची मुदत १ जूनला संपायची. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद होते तोच दिवस. ३१ जुलैपर्यंत समुद्र बंद, पर्यटक नाहीत, होमस्टेला कुलूप. तारीख याहून वाईट असू शकत नाही.

नियम तसे माणसाच्या बाजूने आहेत. मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक सूचना पाठवणं नोंदणी कंपनीवर, म्हणजे जिच्याकडून नाव घेतलं तिच्यावर, बंधनकारक असतं, मुदत उलटल्यावर ५ दिवसांच्या आत आणखी एक. त्यावरही कुणी जागं झालं नाही तर अजून एक उपाय आहे, आणि मला तो फार आवडतो. नाव कायमचं हातचं जाण्याआधी शेवटचे निदान ८ दिवस साइट मुद्दाम बंद पाडायची. घरमालक ऐकत नसेल तर दिवे घालवायचे, म्हणजे तो बाहेर येऊन बघेल.

पण बाहेर येऊन बघायला माणूस तर हवा. साइट पुण्याच्या एका मुलाने करून दिली होती. सूचना जात होत्या त्याच्या जुन्या ईमेलवर. आणि दिवे गेले जुलैत, जेव्हा खुद्द घरातलेच दिवे चार-चार दिवस नसतात.

दादाचं उत्तर सरळ होतं. "मेल इलो आसतलो रे, पण बघतलो कोण?"

(दृश्य: कालनिर्णयाची पानं. जून, जुलै, ऑगस्ट. तारखांवर लाल वर्तुळं.)

हिशोब कालनिर्णयावरच मांडू. १ जूनला मुदत संपली. डॉट कॉममध्ये त्यानंतर जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते. ती नेमकी किती द्यायची हे तुमची नोंदणी कंपनी ठरवते. पूर्ण दिली तर आषाढातला १६ जुलै. मग सोडवणुकीचे ३० दिवस. गहाण दागिना सोडवावा तसं दंड भरून नाव सोडवता येतं, दंड मात्र नेहमीच्या फीच्या कित्येक पट. आला १५ ऑगस्ट. त्यानंतरचे ५ दिवस कुणाच्याच हातात काही नाही, मालकाच्याही नाही. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, २० ऑगस्टला, नाव पुसलं जातं.

पुसण्याची वेळही साधारण ठरलेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनच्या पुढे, म्हणजे ऑगस्टात आपल्याकडे रात्री साडेअकरा. इथे गाव झोपलेलं असतं. तिथे यंत्रं सेकंदाला कितीतरी वेळा एकच प्रश्न विचारत असतात: सुटलं का? सुटलं का? या धंद्यातल्या कंपन्या त्यासाठी शेकडो नोंदणी परवाने बाळगून असतात, कारण जितके परवाने तितक्या खिडक्या. जुन्या मालकाला इथे काडीचाही अग्रहक्क नाही. तुम्ही वीस वर्षं राहिलात, बरं. आता रांगेत या.

नोंदणीकृत ट्रेडमार्क वगैरे असेल तर लवादाकडे दाद मागता येते, १९९९ पासून तशी सोय आहे. दादाकडे ट्रेडमार्क नाही. घराण्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत.

(दृश्य: पहाटेचा मालवणचा किनारा. होडी टेकण्याआधीच तिच्याभोवती जमलेली माणसं.)

खरं तर दादाचं नाव त्या रात्रीपर्यंत पोचलंच नाही. लहान नावं सहसा पोचत नाहीत. मासळी वाळूवर उतरायच्या आत पाण्यातच सौदा ठरावा, तसं होतं. सवलतीचे दिवस चालू असतानाच नोंदणी कंपनी ते नाव लिलावात काढते, तसं कलम नोंदणी करताना तुम्ही न वाचता मान्य केलेलं असतं. बोली लागते, नाव थेट नव्या माणसाच्या खात्यात जातं. ते पुसलंच गेलेलं नसतं, त्यामुळे वहीत मूळ नोंदणीचं सालही तेच राहतं. आज दादाचं नाव शोधा, नोंद दिसेल २००४ ची. मालक वेगळा.

मला विचाराल तर हे कायदेशीर आहे आणि बरं नाही. तीन पत्रं पाठवली की कर्तव्य संपतं, आणि चौथ्या दिवशी तेच हात लिलाव मांडायला मोकळे.

दसऱ्याला दादाने होमस्टे उघडला, फोन आला पर्यटकाचा. "तुमच्या साइटवर काहीतरी भलतंच येतंय." तिथे एकच ओळ होती, हे नाव विकणे आहे. मागितलेल्या किमतीत होडीला नवं इंजिन बसलं असतं.

(दृश्य: दादा पडवीत, मोबाइलवर काही दाखवतो. हसतो.)

मी त्याला मायक्रोसॉफ्टची गोष्ट सांगितली. १९९९ च्या नाताळात, हॉटमेलमध्ये शिरायचं दार असलेल्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला तेही विसरले, हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना, आणि एका परक्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते सुरू करून दिलं. दादाला ती गोष्ट आवडली. "माका असो कोण गावलो नाय," एवढंच म्हणाला.

आता त्याच्याकडे लांबलचक नाव आहे. गावाचं नाव, आडनाव आणि शेवटी होमस्टे. दहा वर्षांचे पैसे एकदम भरलेत, डॉट कॉमला त्याहून जास्त भरताच येत नाहीत. ईमेल स्वतःचा दिलाय, आणि मुदत संपते डिसेंबरात, ऐन गर्दीत.

(दृश्य: मुख्य रस्त्यावरून आत वळतानाची पाटी. नवा निळा रंग.)

रस्त्यावरची पाटी पेंटरने गेल्या दिवाळीत रंगवली. एकच हात मारलाय. दुपारच्या उन्हात निळ्याखालून जुनी चार अक्षरं दिसतात, आणि अजून काही पर्यटक तीच टाइप करतात.