पाटली सोन्याची, की नुसती सोन्यात बुडवलेली?

(दोन पाटल्या हातात)

यातली एक माझ्या आजीची. दुसरी परवा ‘वन ग्रॅम’च्या, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांच्या दुकानातून आणली. दोन्ही पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या. स्क्रीनवर फरक कळणार नाही, आणि खरं सांगू? पटकन मलाही कळत नाही.

जुना डबा उघडला की घरात कुणीतरी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणतं. चिकटलं नाही की, “बघ, सोनंच!” अहो, तांबं चिकटत नाही, पितळही चिकटत नाही, आणि मुलाम्याखाली बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. दाताने चावून बघणाऱ्यांना माझा नमस्कार. त्यात दागिना आणि दात दोन्ही जातात.

त्यापेक्षा पाटलीची आतली कड बघा, जिथे बांगडीवर बांगडी घासते. ब्रेसलेट असेल तर हुकाची जागा बघा. मुलामा आधी तिथून उडतो आणि खालून लालसर किंवा फिकट पिवळा धातू डोकावतो. नवीन दागिन्यावर मात्र हे दिसणार नाही.

आता जरा गंमत करू. दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा घेतला. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि आकडा शून्य केला. पाटली दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवायची, पण तळाला किंवा काठाला टेकू द्यायची नाही. काट्यावर येणारा आकडा म्हणजे तिने बाजूला सारलेलं पाणी. पाटलीच्या वजनाला त्या आकड्याने भागा. शुद्ध सोन्याची घनता १९.३. बावीस कॅरेटची साधारण १७.७. पितळाची जेमतेम साडेआठ. म्हणजे पंचवीस ग्रॅमची भरीव सोन्याची पाटली १.४ च्या आसपास दाखवेल, पितळेची २.९.

वन ग्रॅमवाली आधी. २.९. बरोबर.

आता आजीची.

(काट्याचा क्लोजअप)

३.०. पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आजी हयातभर “अडीच तोळ्यांची” म्हणून सांगायची, आणि निघाली पितळेची?

घेऊन गेले सराफाकडे. त्यांनी आधी कसोटीवर घासून तेजाबाचा थेंब टाकला. सोन्याची रेघ तशीच राहते, तांब्या-पितळेची विरघळून जाते. रेघ राहिली. पण रेघ उमटते ती वरच्या थराची, आणि मुलामा हा वरचाच थर असतो! म्हणून त्यांनी आतल्या बाजूला कानशीने बारीक खाच पाडली आणि ती जागा पुन्हा घासली. खाच पाडताना मी दुसरीकडे बघत होते. आतही सोनंच निघालं. क्ष-किरणांच्या मशीनवर ९१.६ टक्के, म्हणजे बावीस कॅरेटचा आकडा बघून लोक निश्चिंत होतात, पण ते किरणही सोन्याचा अगदी पातळ थरच वाचतात. मुलामा जाड असेल तर मशीनही फसतं. खाचेनंतर घेतलेलं रीडिंग खरं.

मग तीन आकडा कुठून आला? त्यांनी पाटली उलटी करून एक बुजवलेलं छिद्र दाखवलं. आत लाख! वरून सोन्याचा पत्रा आणि आतल्या पोकळीत लाख भरलेली. लाख हलकी, पण जागा मोठी अडवते. त्यांचा अंदाज होता की तेवीस ग्रॅम सोनं आणि दोन ग्रॅमच्या आसपास लाख. घरी येऊन गणित केलं, जुळलं.

तेव्हा प्रश्न दोन आहेत, आणि आपण ते एकत्र करून टाकतो. सोनं आहे का, हा एक. भरीव आहे का, हा दुसरा. पोकळ किंवा लाख भरलेली पाटली खोटी नसते. पाण्याच्या चाचणीत भागाकार १७ च्या वर आला तर काळजी मिटली म्हणायला हरकत नाही. (टंगस्टनची घनता सोन्याएवढीच असते, पण असल्या कडक धातूच्या पाटल्या कुणी घडवत नाही. ती भीती सोन्याच्या बिस्किटांना.) भागाकार कमी आला, तर लगेच आजीला दोष देऊ नका.

नवी खरेदी असेल तर एवढी खटपट नको. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाका. अ‍ॅप ‘अंगठी’ म्हणालं आणि तुमच्या हातात पाटली असेल, तर शिक्का कुणाचा आणि दागिना कुणाचा हे दुकानदाराला विचारा. जुन्या दागिन्यावर शिक्का नसणं स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग सुरूच झालं २००० साली. असा दागिना हॉलमार्किंग केंद्रातून तपासून घेता येतो.

आणि लाखेची पाटली मोडायचीच असेल, तर लाख समोर काढून घ्या आणि सोनं त्यानंतर काट्यावर ठेवायला सांगा. मी मोडली नाही. फक्त घरात आता तिला “तेवीस ग्रॅमची” म्हणतात, आणि आई अजून ते ऐकून घेत नाही.