एलीने ॲबीला का सोडले?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि बंधू-भगिनींनो,

कापसाची वेचणी ऐन भरात असताना, दिवसभराची कामे उरकून आपण इतक्या संख्येने आलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. व्हिडिओ गेममधल्या एका मुलीवर व्याख्यान, हे ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परंतु समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी अनेकांनी ही कथा कन्सोल घरी नसतानाही मोबाइलवर, यूट्यूबवर शेवटपर्यंत पाहिली आहे आणि त्या शेवटावर ती अजून चिडलेली आहेत, हे मी जाणतो. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम नॉटी डॉग या अमेरिकी कंपनीने तयार केला आणि १९ जून २०२० रोजी तो प्लेस्टेशन ४ वर आला. बुरशीच्या साथीने जग उद्ध्वस्त झाले आहे आणि त्या संसर्गाची बाधा न होणारी एक मुलगी आहे, ती एली. तिच्यापासून लस बनवण्यासाठी जी शस्त्रक्रिया होणार होती, तीत तिचा जीव जाणार होता. तिला लेकीसारखी मानणाऱ्या जोएलने त्या डॉक्टरला ठार करून तिला तेथून उचलून आणले आणि घडले ते तिच्यापासून लपवले. हा २०१३ साली आलेल्या पहिल्या भागाचा शेवट. त्या डॉक्टरची मुलगी ॲबी दुसऱ्या भागात जोएलला एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीने मारते. एली सूड घ्यायला सिॲटलला जाते, ॲबीच्या सोबत्यांना गाठून मारते, आणि पुढे सांता बार्बराच्या किनाऱ्यावर ॲबीचे डोके पाण्याखाली दाबून धरलेले असताना, दोन क्षणांत सारे संपणार असताना, तिला सोडून देते.

यावर जगभर गदारोळ झाला. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, इथवर मजल गेली. आक्षेप साधा आहे: सोडायचेच होते, तर वाटेत इतके मुडदे कशाला पाडले? एलीने ऐन वेळी कच खाल्ली आणि जोएलचे रक्त वाया गेले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तिची बाजू घेणारे म्हणतात की तिने ॲबीला क्षमा केली. मला दोन्ही मते मान्य नाहीत.

क्षमा कशी असते, हे आपल्याला नवे नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीपुढे उभा करतो. झोपेत कापलेल्या पाच मुलांची ती आई. तरीही ती म्हणते की याला सोडा, मी रडते आहे तशी याची आई रडू नये. भीम त्याला मारा म्हणत असतो आणि द्रौपदी शत्रूच्या आईचे दुःख पाहत असते. एलीच्या मनात त्या क्षणी असे काही नाही. काही मिनिटांपूर्वीच, ॲबी लढायला तयार नव्हती म्हणून, तिने ॲबीच्या आसऱ्याला असलेल्या लेव्ह या बेशुद्ध पोराच्या गळ्याला सुरी लावली होती. ती करुणेने भरून आलेली नव्हती.

मग तिने हात सैल का केला? त्याचे उत्तर सिॲटल आणि सांता बार्बरा यांच्या मधल्या, शेताच्या प्रसंगात आहे. तिची जोडीदार डिना आणि बाळ यांच्याबरोबर ती एका शेतघरात राहते, मेंढ्या पाळते, सगळे निवांत आहे. एके दिवशी गोठ्यात फावडे खाली पडते, आणि त्या एका आवाजासरशी ती पुन्हा त्या तळघरात पोहोचते, जिथे जोएल रक्तबंबाळ पडला आहे. तिला झोप नाही, जेवण जात नाही. बारकाईने पाहा: तिच्याजवळ जोएलची जी आठवण उरली आहे, ती फक्त त्याच्या मरणाची आहे.

हे आपल्या विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. धुऱ्याच्या भांडणात ज्या घरातला कर्ता माणूस मारला गेला, ते घर पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा धरून जगते. बापाचे नाव निघते ते तारखेच्या दिवशी, आणि तो बैलांना कोणत्या नावाने हाक मारायचा, पोळ्याला कसा हरखून जायचा, हे सांगणारे हळूहळू कोणी उरत नाही. खुनी एकदाच मारून जातो. त्यानंतर बापाच्या आयुष्यावर त्या एका दिवसाचाच कब्जा राहतो.

समुद्रात नेमका तो कब्जा सुटतो. ॲबीचा जीव जात असताना एलीच्या डोळ्यांपुढे, एरवी यायचा तो रक्ताळलेला चेहरा न येता, ओसरीत गिटार घेऊन बसलेला जोएल क्षणभर उभा राहतो. त्या ओसरीतले संभाषण आपल्याला पुढे, ती रिकाम्या घरी परतल्यावर ऐकवले जाते, आणि माझ्या मते बहुतेक गैरसमज या क्रमामुळे झाला, कारण किल्ली हाती येण्याआधीच प्रेक्षकांनी निकाल देऊन टाकला होता. ते संभाषण जोएलच्या मृत्यूच्या आदल्या रात्रीचे आहे. तुम्ही माझ्या जगण्याचा अर्थ हिरावून घेतलात, असे ती त्याला सुनावते. पुन्हा संधी मिळाली तरी मी तेच करीन, असे तो सांगतो. आणि ती म्हणते की मला तुम्हाला क्षमा करता येईल असे वाटत नाही, पण प्रयत्न करून पाहायचा आहे. दुसऱ्याच दिवशी तो मारला जातो. म्हणजे ॲबीने तिच्यापासून नुसता जोएल हिरावला नव्हता, त्याला क्षमा करण्याचा नुकताच सुरू झालेला प्रयत्नही हिरावला होता. ॲबीच्या मरणाने तो परत येणार नव्हता. क्षमेचा प्रश्न होता तो जोएलचा. ॲबी त्यात नव्हतीच. म्हणून जोएलचे रक्त वाया गेले म्हणणाऱ्यांना मी सांगेन की त्या क्षणी एली त्याच्याशी जितकी एकनिष्ठ होती, तितकी साऱ्या सिॲटलभर नव्हती.

निवड खेळणाऱ्याच्या हाती द्यायला हवी होती, असेही सुचवले जाते. मला ते पटत नाही. निर्णय बटणावर सोपवला असता, तर तो एलीचा न राहता आपल्या रागाचा झाला असता.

तिला उशीर झाला, हे मात्र खरे आहे आणि मी ते झाकणार नाही. सिॲटलमध्ये तिच्या हातून ॲबीच्या सोबत्यांपैकी मेल नावाची गरोदर बाई मारली गेली. डिना घर सोडून गेली. झटापटीत ॲबीने डाव्या हाताची दोन बोटे तोडली, आणि जोएलने शिकवलेली गिटार तिला आता पूर्वीसारखी वाजवता येत नाही. यातले काहीही या एका निर्णयाने भरून निघत नाही.

तरी जे वाचले, तेही मोजा. ॲबीला सोडताना एली एवढेच म्हणते: जा, त्याला घेऊन जा. ‘त्याला’ म्हणजे होडीत निपचित पडलेल्या लेव्हला. त्या पोराची आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, आणि या जगात त्याचे म्हणावे असे ॲबीवाचून कोणी उरले नव्हते. ॲबी तिथे बुडाली असती, तर तो एक तर त्या होडीतच मेला असता, किंवा जगून आणखी एक एली झाला असता.