तगरीखालच्या लेंड्या

नमस्कार श्रोतेहो. सकाळी अंगण झाडताना तगरीखाली मिऱ्याएवढ्या काळपट लेंड्या दिसल्या, तर उंदराच्या समजू नका. वर बघा. पहिल्यांदा काहीच दिसणार नाही, शेंड्याची पानं तेवढी गायब. आणि मग, इतका वेळ जिला आपण पान समजत होतो, ती बोटाएवढी जाड हिरवी अळी हलते.

अंगावर केस नाहीत, म्हणून मी तिला सुरवंट म्हणत नाही. हात लागला तरी खाज सुटत नाही. शेपटाकडचं आखूड केशरी शिंगही टोचत नाही. पण डिवचलं की डोकं आत ओढते आणि मानेपाशी दोन निळे डोळे वटारते! ते डोळे नव्हेतच, नुसते ठिपके. तरी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो होतो. मग चिमणीची काय कथा!

ही कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. नेरी म्हणजे कण्हेरीचा. हे 'नेरी' १७५८ साली स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं ठेवलेलं. कण्हेरीच्या पानातलं विष थेट हृदयावर घाला घालतं, ही मात्र तेच पान करकरीत चावून खाते. तगर आणि सदाफुली याच कुळातल्या, म्हणून त्याही तिला चालतात.

'औषध मारू का?' हा ठरलेला प्रश्न. कशाला? चांगली रुजलेली तगर पुन्हा पालवते. कुंडीतली सदाफुली असेल तर अळी उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर सोडा.

पोट भरलं की अळी तपकिरी होते, खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. रोज पाचोळा जाळणाऱ्यांच्या अंगणात गोष्ट इथंच संपते. बाकीच्यांकडे दोनेक आठवड्यांनी पतंग निघतो. पंख पसरले की जवळजवळ चार इंच. हिरवा, त्यात गुलाबी-पांढऱ्या लाटा, घोटलेल्या संगमरवरासारख्या. तिन्हीसांजेला फुलावर न बसता, हवेतच थांबून लांब सोंडेनं मध पितो. उडण्यात इतका पटाईत, की याचेच आफ्रिकेतले भाऊबंद उन्हाळ्यात समुद्र ओलांडून युरोपात जातात, क्वचित पार इंग्लंडपर्यंत.

तर पावसाळ्यात कधी जिन्यातल्या दिव्याखाली असा पतंग थरथरताना दिसला, तर तो घाबरलाय असं समजून झाडूनं ढकलू नका. उडण्याआधी तो पंखांचे स्नायू तापवतोय. मिनिटभर थांबा, आपणहून जाईल.