दार, कडी आणि सळई

नमस्कार श्रोतेहो.

आज १५ सप्टेंबर, अभियंता दिन. सकाळपासून विश्वेश्वरय्यांच्या तसबिरींना हार पडले असतील, भाषणंही झाली असतील. मी आयुष्यभर साइटवर उन्हात उभा राहिलेला सिव्हिलचा माणूस, व्यासपीठावर मला धड बोलता येत नाही. इथे बरं आहे. कुणी जांभई दिली तरी मला दिसत नाही.

पुण्यात विश्वेश्वरय्यांबद्दल बोलायचं तर खडकवासल्याच्या धरणावरच जायला हवं. म्हैसूर संस्थानातून शिष्यवृत्तीवर आलेला हा मुलगा इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत शिकला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. खडकवासल्याला पावसाळ्यात सांडव्यावरून, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जायच्या वाटेवरून, पाणी धो धो वाहून जायचं. ते अडवायचं तर भिंत उंच करा, हा सरळ आणि महागडा उपाय. त्यांनी भिंतीला हात लावला नाही, सांडव्यावर दारं बसवली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत आहे तोवर दार बंद. त्याच्यावर चढलं की पाण्याच्याच बळावर, वजनांचा तोल बदलून, दार आपसूक उघडणार आणि पाणी उतरलं की आपसूक मिटणार. रात्री दोन वाजता पाणी चढलं आणि चौकीदाराचा डोळा लागलेला असला, तरी दार जागंच. १९०३ साली ही दारं बसली आणि तलावात आठ फूट जास्त पाणी मावू लागलं. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या कामांत हेच सगळ्यात आवडतं. मोठ्ठं काही नाही, पण माणूस चुकणार हे आधीच धरून केलेलं.

आता खडकवासल्याच्या वर जाऊ. मुठेला मिळणारी आंबी नदी, तिच्यावर पानशेत.

माझ्या घरात कुठलीही जुनी गोष्ट निघाली की आई विचारायची, "पुराच्या आधीची का नंतरची?" कुठला पूर, हे पुण्यात कुणी विचारत नसे. १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं. काम १९६२ मध्ये संपायचं होतं, पण पाणी एक पावसाळा आधीच साठवायला घेतलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी असते, तिच्या दाराची उचलयंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती. दार अर्धवट उघडं, तसंच लटकलेलं. त्याखालून पाणी प्रचंड वेगाने सुटत होतं आणि मोरी कधी गच्च भरून वाहायची, कधी अर्धी रिकामी. घरातल्या नळात हवा अडकली की तो कसा धाड धाड हादरतो, तसे हादरे, पण धरणाच्या पोटात. मोरी खिळखिळी झाली आणि तिच्यावरची माती बसू लागली. लष्कराचे जवान रात्रभर पावसात वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण गेलं.

ते सगळं पाणी खडकवासल्यावर आलं. दगडी भिंत काही तास तग धरून राहिली, पाणी तिच्या माथ्यावरून वाहत होतं. मग तीही फुटली. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन, नदीकाठचं सगळं पाण्याखाली गेलं, लकडी पूलही बुडाला. पूर ओसरला आणि मग पुणेकरांच्या लक्षात आलं की आता प्यायला पाणी नाही, कारण ते जिथून यायचं ते धरणच राहिलं नव्हतं. आडांवरचे राहाट पुन्हा कुरकुरू लागले. एकाच नदीवर, एका दिवसाच्या अंतरात, पाण्यात बुडणं आणि पाण्याला महाग होणं. तेव्हा शंभरीच्या घरातले विश्वेश्वरय्या हयात होते. त्यांचं दार माणसाची वाट न बघता उघडत होतं आणि वरच्या धरणाचं दार माणसांना हलवता येत नव्हतं.

याला अज्ञान म्हणता येईल का? मला नाही वाटत. अर्धं दार तसंच ठेवून पाणी साठवू नये, हे तेव्हाच्या अभियंत्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे. कळत असतं. पण काम चालू असतं, पाऊस आलेला असतो, आणि "थांबा" हा शब्द कुणाच्या तोंडून निघत नाही. निघाला तर पोचत नाही.

कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाचंच बघा. पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १६०० फुटांवरून १८०० फूट केला, पण वाढलेलं वजन वेळेवर नव्याने मोजलं नाही. लोखंडाचे जाड पत्रे वाकायला लागलेले साइटवरच्या माणसांना दिसत होते. ते सांगायला एक तरुण अभियंता न्यूयॉर्कला सल्लागारांकडे गेला. सल्लागारांनी तार केली, आणखी भार टाकू नका. तार गेली, काम चालूच राहिलं आणि त्याच दिवशी, २९ ऑगस्ट १९०७ ला, संध्याकाळी सुट्टी व्हायच्या सुमारास पूल कोसळला. ७५ कामगार गेले. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उडायच्या आदल्या रात्रीही असंच. थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी ताठरते, उडवू नका, असं अभियंते फोनवर सांगत होते. तरी उडवलं, आणि यान फुटलं.

मला जास्त छळतो तो मात्र एक साधा लोखंडी नट, सळईवर फिरवून बसवायचा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका हॉटेलच्या उंच दालनात, एकाखाली एक असे दोन पायपूल छताला टांगले होते. समजा, तुमच्या वाड्यात झोपाळा आहे, तुळईला पितळी कड्यांनी टांगलेला. त्याच्याखाली आणखी एक झोपाळा लावायचाय. कड्या लांब घेतल्या, वरच्या पाटातून आरपार नेऊन खालचा पाटही त्यांनाच अडकवला, तर प्रत्येक पाटाच्या भोकाशी एकाच माणसाचं वजन. हे मूळ डिझाइन. पण एवढ्या लांब सळईला आटे पाडणं कटकटीचं, म्हणून कारखानदाराने सुचवलं की खालचा पाट वरच्या पाटालाच वेगळ्या कडीने अडकवू. तुळईला काही फरक नाही, तिच्यावर तेव्हाही दोघांचं वजन, आताही दोघांचं. वरच्या पाटाच्या भोकाशी, तिथल्या नटावर, मात्र आता दोन माणसं. नकाशावर बदल इतका छोटा की त्यावर मंजुरीचा शिक्का सहज पडला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी खाली नाच चालू असताना दोन्ही पूल पडले. ११४ जण गेले.

हे मी वर्गात शिकलेलं नाही. आमच्या वेळी वर्गात उभ्या राहिलेल्या इमारतीच शिकवत. पडायचं कसं, ते साइटवर कळतं.

माझी पहिली नोकरी, कोथरूडमध्ये चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं काँक्रीट. गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. हाताला कुणी लोंबकळलं की ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून गॅलरीची सळई वरच्या बाजूला हवी. परीक्षेत मला यावर पैकीच्या पैकी मार्क होते. मिक्सर घरघरत होता, बायका घमेली घेऊन सळयांवरूनच ये-जा करत होत्या, आणि खाली खुर्च्या कमी लावल्यामुळे, म्हणजे सळई उचलून धरणारे वाकवलेले तुकडे, जाळी दबून तळाला टेकली होती. मला दिसत होतं. पण ठेकेदार घड्याळ बघत होता, आणि मी तेवीस वर्षांचा.

आमचा फिटर, सगळे त्याला मामा म्हणायचे, माझ्याकडे आला. "साहेब, जाळी बसली की हो खाली."

मी म्हटलं, "हं."

त्याने माझ्याकडे जरा बघितलं. मग हातातली बांधायची आकडी खाली ठेवली, गॅलरीच्या सळयांवर मांडी घालून बसला आणि ठेकेदाराला म्हणाला, "मी उठल्यावर ओता."

खूप आरडाओरडा झाला. मिक्सरमधला माल वाया गेला, त्याचे पैसे मामाच्या हजेरीतून कापले गेले. त्याबद्दलही मी काही बोललो नाही. दुपारी जाळी उचलून खुर्च्या लावल्या, संध्याकाळी गॅलरी ओतली.

ती इमारत अजून आहे. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी गॅलरीच्या अगदी टोकाला कुंड्यांची ओळ मांडलीय, चांगल्या मातीने भरलेल्या, जड. खालून जाताना मी स्कूटर हळू करतो आणि मोजतो. गेल्या आठवड्यात नऊ होत्या.

नमस्कार.