हीटिंग ऑइलचा भाव पडतोय, टाकी आत्ता भरायची की थांबायचं?

नमस्कार मंडळी! गणपती झाले, झाडांची पानं लाल व्हायला लागली, आणि आपल्या इकडच्या न्यू इंग्लंडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दरवर्षीचा विषय परत सुरू झालाय, की ऑइलचा भाव खाली येतोय तर आत्ता भरून टाकू का अजून थोडं थांबू. ज्यांच्याकडे गॅसची लाइन आहे त्यांनी हा व्हिडिओ स्किप केला तरी चालेल, तुमचं नशीब चांगलं. पण ज्यांनी मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर, मेन असं कुठेतरी जुनं घर घेतलंय आणि बेसमेंटमध्ये ती मोठी लोखंडी टाकी उभी आहे, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. भारतातून नवीन आलेल्यांना तर आधी विश्वासच बसत नाही की अमेरिकेत लोक घर गरम करायला टँकर बोलावतात! पण हो, बोलावतात, साधारण पन्नास लाख घरं अजून ऑइलवर आहेत आणि त्यातली बहुतेक इथेच, नॉर्थईस्टमध्ये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. भाव बघून नका ठरवू, आधी बेसमेंटमध्ये जाऊन टाकीचं गेज, म्हणजे किती ऑइल उरलंय ते दाखवणारं, ते बघा आणि मग कॅलेंडर बघा, भाव तिसऱ्या नंबरला. आता का ते बघू.

हे ऑइल म्हणजे नक्की काय? तर डिझेलचाच भाऊ. फक्त त्यात लाल रंग घालतात, कारण त्याच्यावर गाड्यांच्या रस्त्याचा टॅक्स लागत नाही आणि कोणी ते ट्रकमध्ये भरलं तर पकडता यावं. न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात १९७८ पासून हीटिंग ऑइलचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, चालतात, आणि २०१३ पासून तर त्या सौद्यात जो माल धरतात तो सरळ कमी सल्फरचं डिझेलच आहे. म्हणजे तुमच्या टाकीचा भाव फक्त थंडीवर ठरत नाही, ट्रक, ट्रॅक्टर, युरोपातल्या डिझेलच्या गाड्या, सगळ्यांशी तुमची स्पर्धा आहे.

आणि इथेच लोकांची पहिली गडबड होते. टीव्हीवर बातमी येते, क्रूड, म्हणजे कच्चं तेल, दहा डॉलरने पडलं, की आपण लगेच खूश. जरा हिशोब करू. एका बॅरलमध्ये ४२ गॅलन. दहा डॉलर भागिले ४२, म्हणजे साधारण २४ सेंट गॅलनमागे. तेही सगळेच्या सगळे तुमच्यापर्यंत पोचले तर! मध्ये रिफायनरी आहे, बंदरातलं टर्मिनल आहे, ट्रक आहे, डीलर आहे. लासलगावला कांदा निम्म्यावर आला तरी दादरच्या भाजीवाल्याकडे लगेच निम्म्यावर येतो का? नाही ना, त्याचा जुना माल संपायचा असतो, आणि वर जाताना मात्र तो दुसऱ्या दिवशीच वर जातो. इथेही तेच, चढताना पटकन, उतरताना हळूहळू. त्यामुळे क्रूड पडल्यावर दोनतीन आठवडे वाट बघण्यात अर्थ असू शकतो, ते मी नाकारत नाही.

पण कधीकधी क्रूड पडतं आणि हीटिंग ऑइल पडतच नाही, उलट वर जातं. २०२२ आठवा. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, जूनमध्ये क्रूड १२० डॉलरच्या आसपास होतं, सप्टेंबरमध्ये ८० च्या घरात आलं. सगळ्यांना वाटलं आता हिवाळ्यापर्यंत स्वस्त होणार. झालं काय, तर डिझेल आणि हीटिंग ऑइलचा साठाच नव्हता, खास करून न्यू इंग्लंडमध्ये तर फारच कमी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाव गॅलनमागे ५ डॉलरच्या वर. क्रूडचा भाव बघत बसलेल्यांना कळेना की चाललंय काय. त्यामुळे बघायचंच असेल तर क्रूड नका बघू, न्यूयॉर्क हार्बरचा डिझेलचा भाव बघा, आणि बातम्यांमध्ये डिस्टिलेटचा (म्हणजे डिझेल आणि हीटिंग ऑइल मिळून) साठा असा शब्द आला की कान टवकारा. साठा कमी असेल आणि भाव पडत असेल तर त्या पडण्यावर फार विसंबायचं नाही.

बरं, आता गेज. बहुतेकांची टाकी २७५ गॅलनची असते पण वर हवेला जागा सोडावी लागते म्हणून भरतं साधारण २५० पर्यंत. आणि तळातले तीसएक गॅलन आपले नाहीतच असं समजा, कारण खाली गाळ असतो, टाकी अगदी कोरडी झाली की तो गाळ फिल्टरमध्ये जातो, बर्नर बंद पडतो, मग ऑइल भरल्यावरही लाइनमधली हवा काढल्याशिवाय तो सुरू होत नाही. ते स्वतःला येत असेल तर ठीक, नाहीतर रात्री माणूस बोलवा, त्याचे वेगळे पैसे, इमर्जन्सी डिलिव्हरीचे वेगळे, सहज शंभर डॉलरच्या पुढे जातं प्रकरण. आणि तोपर्यंत घरात आजीआजोबा भारतातून आलेले असतील तर विचारूच नका.

आता ही टाकी किती दिवस पुरते? याचा इथल्या ऑइलवाल्यांचा एक जुना हिशोब आहे आणि तो शिकून घेण्यासारखा आहे. ६५ फॅरनहाइट हा आकडा धरायचा, त्यातून त्या दिवसाचं सरासरी तापमान वजा करायचं. बाहेर सरासरी ३० असेल तर उरले ३५, याला म्हणतात ३५ डिग्री डे. मग तुमचं घर एका गॅलनमध्ये किती डिग्री डे काढतं ते बघायचं, मागच्या दोन डिलिव्हरींच्या पावत्या असतील तर काढता येतं, मधल्या काळातले सगळे डिग्री डे भागिले भरलेले गॅलन, मात्र दोन्ही वेळेला टाकी फुल केलेली पाहिजे. समजा तुमचा आकडा ५ आला. तर जानेवारीतल्या नेहमीच्या दिवशी ३५ भागिले ५, रोज ७ गॅलन. बाहेर सरासरी १० पर्यंत उतरलं तर ५५ भागिले ५, रोज ११ गॅलन! आणि ऑक्टोबरात, जेव्हा सरासरी ५२-५३ असते, तेव्हा रोज जेमतेम अडीच. पाणी पण त्याच बॉयलरवर तापत असेल तर थोडं अजून धरा.

(स्क्रीनवर: अर्धी टाकी, म्हणजे वापरता येतील असे साधारण १०५ गॅलन)

आता बघा मजा. हे १०५ गॅलन ऑक्टोबरात चाळीस दिवस चालतात. नेहमीच्या जानेवारीत पंधरा दिवस. कडाक्याच्या लाटेत नऊ-दहा दिवस. आणि गेज पाववर असेल तर जेमतेम पस्तीस गॅलन हातात, लाट आली की तीन दिवस! म्हणजे ऑक्टोबरात थांबणं जवळपास फुकट आहे, जानेवारीत तेच थांबणं महाग आहे, भाव तोच पडत असला तरी. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न सुटतात.

थांबून मिळतं किती तेही बघू. समजा भाव दर आठवड्याला ५ सेंटने उतरतोय, तुम्ही तीन आठवडे थांबलात, १५ सेंट वाचले, १५० गॅलन घेतले, किती झाले? साडेबावीस डॉलर. एका जेवणाचे पैसे. आणि ते पण तळ बरोब्बर साधला तर. मी काही साडेबावीस डॉलरना नावं ठेवत नाहीये, पण त्यासाठी डिसेंबरमध्ये रोज सकाळी उठून गेज बघायचं का, हे तुम्ही ठरवा.

याच्यापेक्षा जास्त पैसे कुठे आहेत सांगू? एकाच दिवशी, एकाच गावात दोन डीलरच्या भावात ३०-४० सेंटचा फरक सहज असतो. मेन राज्याचं ऊर्जा खातं दर आठवड्याला भावांचा सर्व्हे छापतं त्यात सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त भाव शेजारीशेजारी बघा, डोळे उघडतात. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क यांचेही सर्व्हे असतात, आणि केंद्र सरकारचं ऊर्जेचे आकडे ठेवणारं खातं, ईआयए, ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला आकडे देतं. ४० सेंट गुणिले १५० म्हणजे ६० डॉलर, तेही दोन फोन करून, आजच, वाट न बघता. फोन केल्यावर तीन गोष्टी विचारा: कमीत कमी किती गॅलन घ्यावे लागतात, कारण १०० चा भाव १५० पेक्षा जास्त असतो, चेक दिला तर किती कमी, आणि गाडी कधी येणार. तिसरा प्रश्न लोक विसरतात. स्वस्तवाला आठ दिवसांनी येणार असेल आणि तुमच्याकडे पाच दिवसांचंच असेल तर तो स्वस्त नाही.

अर्थात, एक बाजू सांगायलाच हवी. नुसत्या स्वस्त डीलरच्या मागे दरवेळी नवीन माणूस पकडला की रात्री दोन वाजता बॉयलर बंद पडल्यावर कोणी तुमचं ऐकत नाही, सर्व्हिसवाले आधी आपल्या गिऱ्हाइकांकडे जातात. बॉयलर जुना असेल तर गॅलनमागे थोडे जास्त देऊन फुल सर्व्हिसवाला ठेवणं मला तरी पटतं. नवीन असेल तर खुशाल फिरा.

आता पडत्या भावाची एक गोष्ट, खरी. २०१४ च्या जूनमध्ये ब्रेंट क्रूड ११५ डॉलर होतं. नोव्हेंबरच्या शेवटी ओपेकने, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायला नकार दिला, आणि जानेवारी २०१५ मध्ये ते ५० च्या खाली. हीटिंग ऑइलही धडाधड खाली येत होतं, आणि त्यावेळी जो तो म्हणत होता अजून पडेल, अजून थांब. मग आला फेब्रुवारी. बॉस्टनमध्ये त्या हिवाळ्यात १०० इंचांच्या वर बर्फ पडला, विक्रमच तो, थंडी हटायला तयार नाही, आणि ऑइलचा भाव परत वर. क्रूड अजून स्वस्तच होतं हं, पण इथे मागणी एवढी वाढली. ज्यांनी जानेवारीत अर्धी तरी भरून घेतली होती ते निवांत, आणि जे तळाची वाट बघत पाववर बसले होते त्यांनी जास्त भावाने घेतलं, वर घराबाहेरच्या फिल पाइपपर्यंत बर्फ उपसायचा तो वेगळाच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!

म्हणून माझी पद्धत विचाराल तर, भाव पडत असताना मी टाकी एकदम फुल करत नाही आणि रिकामीही होऊ देत नाही. ऑक्टोबरात अर्ध्यावर असेल तर थांबते, बिनधास्त. थँक्सगिव्हिंगच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, डीलरच्या मिनिमम एवढं मागवते, १०० किंवा १५०, म्हणजे भाव अजून पडला तर पुढचे गॅलन स्वस्त मिळतील आणि चढला तर निदान हे तरी हाताशी आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत मात्र अर्ध्याच्या खाली गेलं की फोन, भाव काहीही असो. मार्चमध्ये परत ढिलाई. टाकी घराबाहेर असेल तर अजून थोडं सांभाळून, कारण साधारण २० फॅरनहाइटच्या खाली हे ऑइल घट्ट व्हायला लागतं, तिथे केरोसीन मिसळून घ्यायचं का ते डीलरला विचारा.

राहिला प्रीबाय. डीलर उन्हाळ्यात सांगतात, पूर्ण हिवाळ्याचा भाव आत्ता पक्का करा. २००८ मध्ये जुलैत क्रूड १४७ ला टेकलं, लोक घाबरले, ४ डॉलरच्या वरच्या भावाने करार केले, आणि डिसेंबरमध्ये क्रूड चाळीसच्या खाली. शेजारी स्वस्तात भरतोय आणि हे जुन्या भावाने बांधलेले! पडत्या बाजारात फिक्स्ड भाव घेऊ नका हो. घ्यायचाच तर कॅप घ्या, म्हणजे भाव चढला तर ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार नाही आणि पडला तर तुम्हालाही खालचा मिळेल. त्याची फी असते, आणि "खालचा भाव मिळेल" हे करारात लिहिलंय का ते वाचा, तोंडी नको. सगळे पैसे आधी भरायला सांगत असतील तर अजून विचार करा, पैसे घेऊन डीलरच बंद पडला असं इथे झालेलं आहे.

आणि गाडी येऊन गेली की दारावर तिकीट अडकवून जातात, त्यावर मीटरचे छापील गॅलन असतात. भरायच्या आधी गेजचा फोटो काढून ठेवा, नंतर परत बघा, गेज थोडं मागेपुढे दाखवतं पण पाववरची टाकी फुल केल्यावर तिकिटावर २३० गॅलन दिसले तर लगेच फोन करा. तुमच्या गावात या आठवड्यात काय भाव चाललाय आणि किती गॅलनला, ते खाली कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव पण लिहा, म्हणजे शेजारच्यांना उपयोग होईल.