घोळणं वेगळं, दळणं वेगळं

(नाशिकमधल्या बोन्सायप्रेमींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

कुंडीत झाड कसं बसवायचं हे मी आज सांगणार नाही. त्याच्या आधीचं काम, म्हणजे माती कालवणं, एवढ्यावरच बोलणार आहे. माती म्हणायची सवय म्हणून माती. बोन्सायच्या कुंडीत आपण खरं तर खडेच भरतो. पक्क्या विटेचे तुकडे, थोडी बारीक खडी, जोडीला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पालापाचोळ्याचं खत. जपानमध्ये अकादामा नावाची दाणेदार माती जमिनीतूनच निघते. आपल्याकडे विटेचे तुकडे तिची जागा घेतात. इथली काळी माती शेतात कितीही मोलाची असो, उथळ कुंडीत ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि मुळांना श्वास घेऊ देत नाही.

आता यंत्र कशाला? ३० सेंटीमीटर लांब, २२ रुंद आणि ६ खोल अशी एक कुंडी धरा. तिला साधारण ४ लिटर मिश्रण लागतं. गच्चीवर अशा ४० कुंड्या असल्या तर झाले १६० लिटर. जूनमध्ये वड, उंबर, पिंपळ यांच्या कुंड्या बदलायला बसलं की एवढं सगळं दोन-तीन दिवसांत हवं असतं. साठी उलटलेल्या माणसाच्या कमरेला फावड्यानं ते झेपत नाही. त्यामुळे यंत्राला माझा विरोध नाही, मी स्वतः वापरतो. फक्त आपलं यंत्र मिश्रण घोळतंय की दळतंय, हे ओळखता आलं पाहिजे.

हे मला एका चिंचेनं शिकवलं. काही वर्षांपूर्वी मी काँक्रीट कालवायचा छोटा मिक्सर एका दिवसासाठी भाड्यानं आणला. विटेचे तुकडे, खडी, कोकोपीट सगळं एकदम आत टाकलं आणि चांगलं एकजीव व्हावं म्हणून अर्धा तास फिरू दिलं. बाहेर आलेलं मिश्रण दिसायला फार देखणं होतं, सगळीकडे एकसारखी लाली. तीच लाली मला कळायला हवी होती, कारण ती विटेची पूड होती. त्या मिश्रणात मी १८ वर्षं सांभाळलेली चिंच लावली. श्रावणात कुंडीवर पाणी उभं राहायला लागलं. पानं पिवळी पडली, मग गळली. झाड उपसलं तेव्हा तळाशी दोन बोटं जाडीचा लाल चिखल होता, लोण्यासारखा मऊ. मुळं काळी पडलेली. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. झाड वाचलं नाही.

मला जास्त लागलं ते यासाठी, की सातपूरच्या कारखान्यात मी २५ वर्षं हेच काम मुद्दाम करत होतो. धातूच्या भागांच्या कडेला कापताना बारीक बर, म्हणजे धारदार कंगोरा, राहते. ती काढायला ते भाग दगडांच्या खड्यांबरोबर फिरत्या पिंपात घालतात. त्याला आम्ही टंबलिंग म्हणायचो. काही तास फिरवलं की कोपरे गोल होतात आणि तळाशी पूड साठते. पोलादाची धार जिथे झिजते, तिथे वीट किती टिकणार? बोन्सायच्या खड्याला कोपरा हवा असतो. कोपऱ्यामुळे खडे एकमेकांत गच्च बसत नाहीत, मधे हवा राहते. मी अर्धा तास तेच कोपरे झिजवत बसलो होतो.

पुडीनं झाड कसं जातं, ते या स्पंजवर बघा. हा पाण्यात बुडवून आडवा धरलाय. ठिबकणं थांबलं. आता तोच उभा करतो. बघा, पुन्हा धार लागली. पाणी तेवढंच, स्पंज तोच. तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरून राहतं, आणि ती उंची ठरते छिद्रांच्या बारीकपणावर, कुंडीच्या खोलीवर नाही. पूड जितकी जास्त, तितका हा ओला थर जाड. हातभर खोल कुंडीत चार बोटं ओल राहिली तरी वरची मुळं तगतात. आपल्या सहा सेंटीमीटरच्या कुंडीत ती चार बोटं म्हणजे अख्खी कुंडी.

म्हणून आधी चाळणी. विटेचे तुकडे दोन चाळण्यांतून काढायचे: ६ मिलिमीटरच्या चाळणीवर राहील ते मोठं, मधलं तेवढं कुंडीसाठी, २ मिलिमीटरच्या खाली पडेल ते टाकाऊ. ती पूड बागेतल्या वाटेवर टाका, कुंडीत नको. वीट निवडतानाच दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजल्या तर घ्या. बद्द आवाज आला तर ती कच्ची आहे, मिश्रण घोळायच्या ड्रममध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात, पहिली तीच फुटेल.

ड्रमचं म्हणाल तर वेग फार महत्त्वाचा. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास ५७-५८ सेंटीमीटर असतो. ते मिनिटाला ५५ च्या आसपास फेऱ्यांनी फिरवलं की माल कडेला चिकटून नुसता गोल फिरतो, मिसळत नाही. त्याच्या निम्म्याहून कमी, २० ते २५ फेरे पुरेत. गिअरची मोटर लावली तर हा वेग सहज मिळतो. पिंप अर्ध्याच्या खालीच भरा, माल उलटायला जागा हवी. आधी विटा आणि खडी, मिनिटभरानं कोकोपीट, मग आणखी मिनिट-दोन मिनिटं. बस्स. तीन मिनिटांत काम होतं. थांबायला मन होत नाही, पण थांबायचं.

पाण्याचा हबका मारा, पण हलकाच. अगदी कोरडं मिश्रण नेता-आणताना हलतं आणि पुन्हा वेगळं होतं. चिवड्याच्या डब्याचं बघा ना, हिंग-हळद-मीठ तळाशी आणि दाणे वर. थोडी ओल असली की बारीक कण मोठ्याला धरून राहतात. ओल जास्त झाली तर कोकोपीटचे लाडू वळले जातात आणि ते हातानंच फोडावे लागतात. चिवडा आमच्या घरी मीच कालवतो. परातीत, दोन्ही हातांनी, खालून वर. पोहे मोडू नयेत म्हणून जो हलका हात लागतो, तोच ड्रमकडून करून घ्यायचा.

ड्रिलला पॅडल लावून बादलीत ढवळणारे बरेच जण आहेत. ड्रिलचा वेग मिनिटाला हजारोंच्या घरात असतो, आणि पॅडल व बादलीची कड यांच्यात खडा सापडला की चिरडतोच. दगडावर झाड बसवताना लागणारा चिकणमातीचा लगदा मात्र त्यानं सुरेख होतो. खड्यांना पॅडल लावू नका.

भाड्याच्या मिक्सरमध्ये सिमेंटचा थर असतो. तो क्षारीय, आणि त्यामुळे झाडाला लोह मिळणं अवघड होतं, नवी पानं पिवळी निघतात. मिक्सर आणलाच तर आतून खरवडून धुऊन घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या लेप दिलेल्या गोळ्या ड्रममध्ये कधीच नकोत. लेप फुटला की सगळं खत एकदम मुळांवर येतं. त्या शेवटी हातानं मिसळा.

आता जिवाचं. विटेच्या धुळीत सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. फिरत्या ड्रममध्ये हात, ओढणी, पदर काहीही जाऊ देऊ नका. आधी प्लग काढायचा, मग झाकण. ओल्या गच्चीवर अर्थिंग नसलेलं बोर्ड वापरू नका.

मिश्रण झालं की मूठभर काचेच्या पेल्यात घ्या, पाणी ओता, हलवा आणि मिनिटभर ठेवा. पाणी थोडं गढूळ दिसलं तर चालेल. चहासारखं लाल राहिलं, तर पुन्हा २ मिलिमीटरची चाळणी. इथे दोन पेले ठेवलेत, एकात तीन मिनिटं फिरवलेलं मिश्रण आहे आणि एकात अर्धा तास. पुढे या, जवळून बघा. बोटं घालून बघितलीत तरी चालेल.