पिंजऱ्यातले पोपट

(दृश्य: निकोसियातली अरुंद गल्ली. खिडकीत टांगलेला रिकामा पिंजरा.)

1968. भूमध्य समुद्रातलं सायप्रस बेट. डॉ. वामिक वोल्कान अमेरिकेहून आपल्या गावी, निकोसियात आले आणि त्यांना जिकडेतिकडे पिंजरे दिसले. घरात पिंजरे, दुकानात पिंजरे. आत छोटे पोपट. आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात ना, तसले. हा पक्षी मूळचा तिथला नव्हे. मग सगळ्यांना हा नाद लागला कुठून?

डिसेंबर 1963 मध्ये ग्रीक आणि तुर्क सायप्रसवासीयांत रक्तपात झाला. शहराच्या नकाशावर दोघांना वेगळं करणारी रेघ हिरव्या पेन्सिलीनं ओढली गेली आणि बेटावरचे हजारो तुर्क जेमतेम तीन टक्के जमिनीवर कोंडले गेले. पिंजऱ्यातली माणसं पिंजऱ्यात पक्षी पाळत होती. ते गातायत, पिल्लं काढतायत, तोवर आपलंही निभेल! मनोविश्लेषक वोल्कान यांनी त्याचा अर्थ असा लावला.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. शेतकरी, बाजार.)

वोल्कान 1932 चे, तुर्की घरातले. ग्रीक आणि तुर्क शेतकऱ्यांचा पोशाख एकच, काळी घोळदार विजार. फक्त कमरेचा शेला तुर्काचा लाल, ग्रीकाचा वेगळ्या रंगाचा. सिगारेटचं पाकीटही रंगावरूनच निवडायचं. परक्याला हसू येईल. पण माणसं जितकी सारखी, तितका त्या वीतभर कापडाचा अभिमान मोठा.

तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकाऱ्यात डॉक्टर होऊन ते 1957 मध्ये अमेरिकेला गेले. काही महिन्यांतच वडिलांचं पत्र आलं, आत वर्तमानपत्राचं कात्रण. अंकाऱ्यात एका खोलीत राहिलेला मित्र, तोही सायप्रसचाच तुर्क, आजारी आईला भेटायला गेला होता. तिचं औषध आणायला बाहेर पडला आणि ग्रीक हल्लेखोराच्या गोळ्यांना बळी पडला. परक्या देशात, नव्या इस्पितळात हे सांगायचं कुणाला? ते दुःख आतच राहिलं. पुढं वोल्कान यांनी अभ्यास केला तो शोक माणसात अडकून कसा बसतो याचा. या दोन गोष्टींचा सांधा त्यांच्या स्वतःच्या लक्षात यायला मात्र कित्येक वर्षं जावी लागली.

(दृश्य: लांबट टेबल, रिकाम्या खुर्च्या.)

1977 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात इस्रायलच्या संसदेत म्हणाले, आपल्यातला सत्तर टक्के प्रश्न मनातल्या भिंतीचा आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं हे मनावर घेतलं आणि इजिप्शियन, इस्रायली, पॅलेस्टिनी मंडळींना बिनसरकारी बैठकांत समोरासमोर बसवलं. त्या कामात वोल्कान पुढं होते. तिथं त्यांना एक लय दिसली. माणसं एकाएकी जवळ येतात, अगदी गळ्यात पडायच्या बेतात असतात, आणि लगेच पुन्हा लांब सरकतात. त्यांनी उपमा दिली अकॉर्डियनची. आपण पेटीचा भाता म्हणू. हा भाता मिटलेला धरून ठेवू नका, असं ते सांगत. त्यांच्या बाकीच्या सिद्धान्तांपेक्षा मला हेच मोलाचं वाटतं. घाईनं हस्तांदोलनाचे फोटो काढणारे मध्यस्थ इथंच चुकतात.

(दृश्य: पुन्हा निकोसिया. लेड्रा स्ट्रीट.)

सायप्रस अजून दुभंगलेलंच आहे, 1974 मध्ये तुर्कस्तानचं सैन्य उतरल्यानंतर तर जास्तच. लेड्रा स्ट्रीटवरून शहराच्या दोन्ही भागांत ये-जा करायची वाट 2008 मध्ये उघडली. ओळखपत्र दाखवून पलीकडे जाता येतं.

आणि ते पोपट? कोंडलेल्या तुर्कांना 1968 पासून बाहेर फिरायची मुभा मिळाली. मग पक्ष्यांचा नादही हळूहळू सुटला.